थायमसवाले सर

सर नव्या माणसाला नमस्कार करत नसत. समोरच्याकडे एकदा नीट बघायचे, स्वतःच्या छातीच्या हाडावर दोन बोटं ठोकायचे आणि विचारायचे, "हितं काय असतं?" माणूस गोंधळून "हृदय" म्हणायचा. मग सरांचा चेहरा खुलायचा. "न्हाय! हृदय खाली. त्याच्या डोक्यावर, ह्या हाडाच्या मागं, काय असतं?" बारामतीत एस.टी.च्या कंडक्टरपासून कॉलेजची तपासणी करायला आलेल्या समितीच्या अध्यक्षांपर्यंत हा प्रश्न कुणालाही चुकलेला नाही. लग्नाच्या बोलणीत त्यांनी सासऱ्यांनाही हेच विचारलं होतं, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगतात. सासरे म्हणाले, "दमा." त्यांच्या छातीत तेवढंच होतं.

खरं उत्तर, थायमस. लहानशी ग्रंथी, मुलाच्या मुठीएवढी. तिचं नाव सरांनी आयुष्यभर इतकं घेतलं, की गल्लीत जसे दूधवाले आणि पेपरवाले असतात, तसे आमच्या कॉलेजात सर थायमसवाले झाले. आम्ही मागून म्हणायचो आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फोनवर कुणालातरी स्वतःची ओळख करून देताना त्यांनीच "मी थायमसवाला बोलतोय" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं आहे.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते. पुढे त्यांच्याच प्राणिशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक होईल का, याची वाट बघत. इंदापूरहून रोज बारामतीला यायचे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागं एस.टी. रांगत यायची आणि माझा पहिला तास सरच घेऊन टाकायचे, न विचारता, आनंदानं. दुसऱ्याचा तास मिळणं ही त्यांना मेजवानी वाटे. बोलण्याशिवाय या माणसाला दुसरं काही येतच नव्हतं. पोहता येत नव्हतं, शेत सांभाळता येत नव्हतं, साधा चहा करता येत नव्हता. म्हणून त्यांचा आवाजच जायला लागला तेव्हा आम्हाला सगळ्यांना एकच धास्ती बसली, की आवाज गेल्यावर यांच्यात उरेल काय? मी सांगतेय ती त्याच धास्तीची गोष्ट आहे.

पण आधी त्यांचं शिकवणं सांगायला हवं. नाहीतर काय जायला निघालं होतं ते कळायचं नाही.

पाठ्यपुस्तकातला सिग्नल हा शब्द त्यांना चालत नसे. "सिग्नल पुण्यात, चौकात. आपल्याकडं सांगावा धाडत्यात," म्हणायचे. म्हणून आमच्या वर्गात पेशींनी पेशींना धाडलेले सगळे रेणू म्हणजे सांगावे. सर वडगाव निंबाळकरचे, आणि त्यांच्या शिकवण्यात ते गाव सारखं यायचं. "आमच्या वडगावात प्रत्येक भावकीत एक माणूस असतो. कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाचं कुणाशी बिनसलंय, त्याला सगळं ठावं. त्यानं घर फोडायचं म्हटलं तर एका दिवसात फोडील. आन् राखायचं म्हटलं तर तसा राखणदार न्हाय. मग त्यानं काय व्हायचं, हे कोण ठरवतं?"

मग सर थायमसमध्ये शिरायचे. तिथं कोवळ्या पेशींची पारख होते. आपल्याच शरीराचे तुकडे त्यांच्यापुढे धरले जातात. जी पेशी त्यांना फारच घट्ट धरते तिला बहुधा तिथंच संपवतात, कारण बाहेर पडून ती घरच्यांवरच उठायची. पण बऱ्यापैकी घट्ट धरणाऱ्या काही पेशींच्या अंगावर कान उगवतात. कान म्हणजे इंटरल्युकिन-टू नावाचा रेणू पकडणारी जागा. मग तो रेणू आला की ती पेशी राखणदार होते आणि पुढं जन्मभर इतर पेशींना आपल्याच माणसांवर हात उगारू देत नाही. "आधी कान, मग सांगावा," सर म्हणायचे. "आन् कान टवकारून बसलीय, पर सांगावाच आला न्हाय तर?" इथं ते थांबायचे. त्या पेशीचं मरण त्यांना खरोखर लागायचं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा इथं मोबाइल खाली ठेवायची.

हे सगळं नुसतं चित्रात दाखवायचं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून दर रविवारी सकाळी ते दुधाची किटली बर्फानं भरून कसब्यातल्या बशीरभाईंच्या मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभे राहायचे. घराणं माळकरी, अंड्याचा वाससुद्धा चालत नाही, आणि हा माणूस करडाचा थायमस मागतोय. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला. अर्थातच वडगावला बातमी गेली, की मास्तर बारामतीत जाऊन बाटला. त्यांचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, तडक आले. किटलीत डोकावले. बर्फात फिकट गुलाबी, बोटाएवढा तुकडा. आबा म्हणाले, "एवढ्यात कुणाचं पोट भरतंय?" आणि चहा घेऊन निश्चिंत मनानं परत गेले. काकू मात्र निश्चिंत झाल्या नाहीत. त्यांनी त्या किटलीवर तांबड्या ऑइलपेंटनं फुली मारली आणि तिला उंबऱ्याच्या आत यायची बंदी घातली.

बशीरभाईंना सरांचा फार मान. तोच एकदा नडला. सर पोचल्या पोचल्या ते म्हणाले, "सर, तुमी एवढं शिकल्यालं माणूस, आन् दर खेपेला करडाचं न्हेता. मलाच कसंतरी वाटतं. आज सुप्याच्या बाजारातला तगडा बोकड काढलाय, त्याच्यातलं ठेवलंय तुमच्यासाठी." पाहुण्याला चांगल्यातलं द्यायचं, एवढाच त्यात भाव. सोमवारी प्रॅक्टिकलला आम्ही काचा तयार केल्या तर सगळ्यांच्या काचेवर नुसती चरबी. थायमस वयाबरोबर आटतो आणि त्याच्या जागी चरबी भरते, आणि हा तर दांडगा बोकड. मला वाटलं सर चिडतील. ते चक्क टाळ्या वाजवायला लागले. "बशीरभाईच्या मानपानात म्हातारपण शिकून झालं की रं! हा धडा पुढच्या महिन्यात होता." त्या दिवशी ते दोन तास बोलले आणि कुणाला डबा खायची आठवण झाली नाही.

बारशाला गेले तरी हेच. लोक बाळाच्या हातात पैसे ठेवतात, हे आईला विचारणार, "छातीचा एक्सरे काढलाय का कधी?" बाळाचा थायमस एक्सरेत छान मोठा दिसतो, हे त्यामागचं कारण. आई बिचारी घाबरून रडायला लागायची. काकूंनी त्यांना बारशाला न्यायचं सोडलं.

असा हा माणूस दुपारच्या तासांना नाकात बोलायला लागला.

सकाळी आवाज खणखणीत. दुपारी प्रॅक्टिकलच्या वेळी तोच आवाज नाकातून यायचा, शब्द एकमेकांत मिसळायचे, डावी पापणी खाली लोंबायची. डब्यातली भाकरी चावताना मध्येच थांबून ते हनुवटीला हाताचा आधार द्यायचे. पाणी पिताना नाकातून यायचं. आम्ही डॉक्टरांकडं जा म्हटलं की म्हणायचे, "परीक्षा होऊ दे." लोकांनी मात्र परीक्षेची वाट बघितली नाही. सकाळी शुद्धीत, दुपारी जीभ जड, एक डोळा अर्धा मिटलेला. याचा आपल्याकडं एकच अर्थ निघतो. सर दुपारच्या सुट्टीत घेतात, असं आधी पोरं म्हणाली, मग शिपाई, आणि शेवटी ज्यांनी सरांच्या घरी शंभर वेळा चहा प्यायला ते प्राध्यापकही. मला त्या लोकांचा तेव्हा जो संताप आला तो अजून पुरता गेलेला नाही.

रोग सरांनी स्वतःच ओळखला, तेही गोळेवाल्याच्या गाडीपाशी. उन्हाळ्याचे दिवस. डोळ्याची आग होते म्हणून त्यांनी गेटवरच्या गोळेवाल्याकडून बर्फाचा खडा घेतला आणि पापणीवर धरला. थोड्या वेळानं पापणी वर गेली, दुसऱ्या डोळ्यासारखी. ते धावत विभागात आले, हातातून पाणी गळतंय, आणि मला म्हणाले, "अगं, बर्फानं वर गेली! बघ, बघ!" लहान मुलासारखे हसत होते. मग हसू ओसरलं आणि ते स्टुलावर बसले. म्हणाले, "मज्जातंतूचा सांगावा येतोय, गारव्यानं थोडा वेळ पोचतोबी. पर एरवी स्नायूचे कान कुणीतरी झाकून टाकतंय. कोण? घरचेच." मग त्यांनी छातीच्या हाडावर बोटं ठेवली, ठोकली नाहीत. ज्या पेशींना आवरायचं त्यांना कुणी आवरलं नव्हतं, आणि हा बिघाड बऱ्याचदा कुठून सुरू होतो ते त्या खोलीत आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी त्यांच्या हातातला बर्फ घेऊन बेसिनमध्ये टाकला.

त्याच आठवड्यात संस्थेच्या तात्यांनी सरांना बोलावलं. तात्या संस्थेतले सगळ्यात जुने संचालक. माणूस रोखठोक, पण मनानं वाईट नाही. शेजारी प्राचार्य खाली मान घालून. सरांनी मला बरोबर नेलं होतं आणि माझ्या हातात थर्मास दिला होता.

तात्या म्हणाले, "सर, तुमी आपल्यातलं माणूस. म्हणून सरळ इचारतो. घेत असाल तर घ्या, पर घरी."

सर म्हणाले, "पाढे म्हणतो. ऐका."

आणि त्यांनी बेचा पाढा सुरू केला. मोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखा. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी भिंतीकडं. बाराच्या पाढ्यापर्यंत आवाज ठीक होता. पंधराला घोगरा झाला. सतराच्या पाढ्यात नाकात गेला, पापणी खाली आली, आणि एकोणिसाला नुसती हवा येत होती. मग त्यांनी मला खूण केली. मी थर्मासातला बर्फ रुमालात बांधून दिला, तो त्यांनी डोळ्यावर धरला. रुमाल काढला तेव्हा पापणी वर होती. दमलेल्या आवाजात सर एवढंच म्हणाले, "तात्या, दारूत बर्फ घालत्यात. डोळ्यावर धरून उतरत न्हाय."

तात्या उठून टेबलाच्या या बाजूला आले. सरांच्या छातीकडं बोट दाखवून म्हणाले, "तुमचं ते... थायमस?"

"तेच बिघडलंय," सर म्हणाले. तात्यांनी तिथंच स्वतःच्या ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली, पुण्याला जायला.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्कॅन केला. थायमसमध्ये गाठ. काढावी लागणार, आणि थायमससकटच काढावी लागणार. श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात, म्हणून उशीर नको. आवाज परत येईल का? कदाचित. यायला महिने लागतील, कदाचित येणारही नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सर्जनना विचारलं, "काढल्यावर मला दाखवाल का?" सर्जन हसले. सर हसले नाहीत, तेव्हा त्यांनीही हसू आवरलं आणि हो म्हटलं.

तयारीत थोडे दिवस जाणार होते, औषधं चालू झाली होती. इकडं तृतीय वर्षाचा शेवटचा भाग राहिला होता, नेमका राखणदार पेशींचा. मी म्हटलं, "सर, मी शिकवते. तुम्ही पडून राहा." त्यांनी ऐकलंच नाही. काकूंनी घर डोक्यावर घेतलं. "धडा राह्यला तर विद्यापीठ बंद पडणार हाय का?"

"पडणार न्हाय," सर म्हणाले. "पर पोरं कान उगवून बसल्यात. सांगावा न देता कसा जाऊ?"

"चुलीत घाला तुमचा सांगावा," काकू म्हणाल्या, आणि गोळीची वेळ झाली होती म्हणून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्या गोळीनं थोडा वेळ आवाज धरायचा. सर बरोबर हिशेबानं गोळी घेऊन वर्गात शिरायचे आणि जे बोलायचं ते आवाज असेपर्यंत बोलून घ्यायचे. एकही फालतू शब्द नाही, वडगाव नाही, भावकी नाही. आवाज बुडाला की फळ्यावर लिहायचे. हात खाली आला की खुर्चीत बसून हनुवटी धरायचे आणि मी लिहीत जायचे, ते डोळ्यांनी तपासायचे. चुकलं की खडूचा डबा वाजवायचे. पोरं इतकी शांत मी कधी बघितली नाहीत. ज्यांनी दारूची आवई उठवली होती तीच पोरं पहिल्या बाकावर बसायला भांडत होती. धडा पुरा झाला त्या दिवशी सर खुर्चीतून उठले आणि वर्गाला हात जोडले. नमस्कार केलेला मी पहिल्यांदाच बघितला.

ऑपरेशननंतर काही दिवस ते श्वासाच्या यंत्रावर होते. मी भेटायला गेले तेव्हा नुकतीच नळी काढलेली. बोलायची बंदी. मला बघून त्यांनी दोन बोटं छातीच्या पट्टीपर्यंत नेली आणि हात उलटा करून दाखवला, रिकामं. मला हुंदका आला. तर त्यांनी मोबाइल मागितला आणि सावकाश टाइप केलं, सर्जननी बरणीत दाखवला, गाठीभोवती सगळी चरबी, थेट बशीरभाईचा बोकड. मी रडता रडता हसले. नर्स रागावली.

मग लांबलचक महिने. मला इंदापूरच्या एका कॉलेजात कायमची जागा मिळाली, माझं बारामतीला जाणं सुटलं. सरांच्या डोळ्याची पापणी सुधारली, भाकरी चावता यायला लागली. आवाजाचं मात्र काही कळेना. तात्या घरी येऊन अदबीनं सांगून गेले, की नवीन वर्ष सुरू होताना तासाला उभं राहता आलं तर फार चांगलं, नाहीतर आजारपणाच्या कारणानं निवृत्ती घ्या, संस्था सगळं नीट करील. त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. पण तासाशिवाय सर म्हणजे कोण, हे मला ठरवता येत नव्हतं, आणि ते मला ठरवायचं नव्हतं.

एके दिवशी काकूंचा फोन आला. "आवाज हाय गं. सकाळी देवापुढं पुटपुटत्यात तवा येतो. पर बोलतच न्हायती. वापरला आन् सतराच्या पाढ्यावानी गेला तर, ह्या भ्यानं गप बसत्यात. तिकडं वर्ग सुरू व्हायला आठ दिस राह्यले."

सर घाबरलेत, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, त्यांच्या कानाला फोन लावा. पलीकडं नुसता श्वास. मी म्हटलं, "सर, उद्या इंदापूरला या. आमचे वर्ग आधीच सुरू झालेत, माझा थायमसचा तास आहे. बोलू नका, काही करू नका, पण वर्गात बसा. घरात बसायचं नाही." आयुष्यात त्यांना मी आज्ञा दिली ती तेवढीच एक. काकू म्हणाल्या, "मान हलवली."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. वाळले होते, शर्टाच्या वरच्या बटणातून टाक्यांची खूण दिसत होती. शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पोरांना वाटलं कुणीतरी तपासनीस आहे, त्यामुळं शिस्त एकदम चांगली. मी शिकवायला लागले. जी गोष्ट ज्याच्याकडून शिकलात ती त्याच माणसासमोर शिकवायची म्हणजे काय होतं ते शिक्षकांनाच कळेल. फळ्यावर अक्षर तिरकं जात होतं. तरी पारख झाली, कान झाले, सांगावा झाला. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कुणाचा थायमस काढून टाकला तर मग? राखणदार पेशी नव्यानं तयारच नाही होणार?"

मी गडबडले. मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. घाईघाईत बोलून गेले, "नाही. थायमस गेला की ते काम थांबतं. आधी तयार झालेल्या असतात त्यावरच भागवायचं."

"चूक."

मागच्या बाकावरून. मोठ्यानं. नाकातून नाही, छातीतून. सगळा वर्ग वळला.

सर उभे होते. "थांबत न्हाय," ते म्हणाले. "थायमसच्या भायेरबी तयार होत्यात. आतड्याच्या भिंतीत. तितं साध्या पेशीलाबी सांगावा मिळतो. येगळा सांगावा, टीजीएफ-बीटा. कमी होत्यात, पर होत्यात. लिवून घ्या, थांबत न्हाय."

बोलत बोलत ते बाकांमधून पुढं आले. प्रत्येक वाक्याला मी वाट बघत होते, आता नाकात जाईल, आता शब्द मिसळतील. त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला. मी पहिल्या बाकावर त्या मुलीशेजारी जाऊन बसले आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. सरांनी आतडं काढलं, भिंत काढली, बाण काढले. आवाज टिकला. वडगावची भावकीसुद्धा आली.

घंटा झाली. सर थांबले. हनुवटीला हात लावून पाहिला, मग काढून घेतला आणि वर्गाला विचारलं, "पुढचा तास कुणाचा हाय?"

"इंग्रजीचा, सर."

"त्यांना म्हणावं, उद्या घ्या."